खोली सोडण्याची वेळ

रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. बेल वाजली, तीही एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. मी पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसल्या बसल्याच पेंगलो होतो. दचकून उठेपर्यंत आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, ‘कोन शे रे भो?’ आईचे वय तेव्हा सत्याऐंशी. एकदा झोप मोडली की तिला पुन्हा लागत नाही. मागोमाग स्वयंपाकघरातला दिवा लागला. म्हणजे सौ.ही उठली होती.

दार उघडले तर मुंबईचे एक जोडपे, खांद्यावर झोपलेले मूल, तीन बॅगा आणि चेहऱ्यावर ओशाळे हसू. बारा-साडेबाराला येणारी गाडी सव्वादोनला लागली होती. ‘फोन का नाही केलात?’ असे मी विचारले, तर फोनची बॅटरी मनमाडलाच संपलेली. बिचारे जेवलेलेही नव्हते. सौ.ने एका शब्दानेही काही न विचारता खिचडी टाकली, पापड भाजले. साडेतीनला मंडळी वरच्या खोलीत गेली. चार वाजता आम्ही आडवे झालो आणि साडेपाचला नळाला पाणी आले म्हणून सौ. पुन्हा उठली. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरच्या बाईला झोपून चालत नाही.

सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना ती म्हणाली, ‘भाडं तुमच्या खात्यात जमा होतं, जागरण माझ्या खात्यात.’

ही गोष्ट २०१७ ची, आम्ही घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो त्या पहिल्या हिवाळ्यातली. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. जळगावातले घर मोठे आणि माणसे तीन. मी एस.टी.तून निवृत्त झालेला. न्याहारी आणि निवास अशा स्वरूपाच्या योजना पर्यटन महामंडळाकडे आहेत, केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचीही तशी योजना आहे. एक ते सहा खोल्यांपर्यंत पाहुणे ठेवता येतात. अट एवढीच की मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे. शिवाय आता मोबाईलवरून जगातल्या कुठल्याही माणसाला कुठल्याही माणसाच्या घरात खोली मिळते. या धंद्यातल्या सर्वांत गाजलेल्या कंपनीचा, एअरबीएनबीचा, आरंभ २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. घरभाडे परवडेना म्हणून दोन तरुणांनी आपल्या बैठकीत हवेच्या गाद्या टाकल्या आणि एका परिषदेला आलेल्या लोकांना पैसे घेऊन झोपू दिले. आमच्या खान्देशात लग्नसराईत दर घरी बैठकीत गाद्या पडतात. त्याचे पैसे घ्यावेत असे मात्र कुणाला सुचले नाही!

पैसे घेणे कठीण नसते, हे पहिल्या महिन्यातच कळले. कठीण असते ते घड्याळ.

अतिथी या शब्दाची फोड आपण शाळेत शिकलो आहोत. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. तैत्तिरीय उपनिषदाने त्याला देव मानायला सांगितले आहे. पण पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्याची तिथी ठरलेली असते. इतकेच नव्हे, तर वेळही ठरलेली असते. दुपारी बारानंतर यायचे, रात्री दहाच्या आत पोहोचायचे, जायच्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची. हे सगळे त्याने आरक्षण करताना वाचलेले असते आणि मान्यही केलेले असते. म्हणजे हा अतिथी नव्हेच. तरी तो रात्री अडीचला दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडावर अतिथीचाच भाव असतो, आणि दार उघडणाऱ्याच्या मनातही उपनिषदच जागे होते. सगळा घोटाळा इथे आहे.

माझे लहानपण पारोळ्याला गेले. घर रस्त्यावरचे. धुळ्याहून एरंडोल, जळगावकडे जाणारा-येणारा नात्यागोत्यातला माणूस आमच्या ओट्यावर टेकल्याशिवाय पुढे जात नसे. बाजाराला आलेले, लग्नाची बोलणी करायला निघालेले, कोर्टाची तारीख असलेले. ‘या, मझार या,’ हे वडिलांचे शब्द अजून कानात आहेत. ‘कधी निघणार?’ असे कुणाला विचारणे म्हणजे त्याला हाकलण्यासारखेच. पंचक्रोशीत आमच्या घराचे नाव होते. आज मागे वळून पाहताना दिसते ते असे, की नाव वडिलांचे होते आणि चूल आईची. रात्री अकराला आलेल्या माणसासाठी ती पुन्हा पीठ मळायला बसे. स्वतः जेवलेली असे की नसे, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नाही.

सौ.च्या त्या एका वाक्याने हे सगळे उलगडले. आतिथ्याला वेळेचे बंधन नसावे असे म्हणणारा बहुधा स्वतः चुलीपाशी उठत नसतो. उलट पैसे घेऊन खोली द्यायला लागल्यावर, लग्नाच्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या बायकोला ‘रात्री दहानंतर नाही’ असे म्हणण्याचा हक्क मिळाला होता. कागदावर छापलेला नियम तिच्या झोपेची राखण करत होता. तो मी मोडू दिला, तर मोठेपणा माझा आणि जागरण तिचे, हे जुनेच गणित पुढे चालू राहणार होते.

मग उशीर होऊच द्यायचा नाही काय? तेही शक्य नाही, कारण जळगाव हे उशिराचेच गाव आहे. गावातल्या लोकांचा यात दोष नाही, भूगोलच तसा आहे. मुंबईहून रेल्वेने हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी मुंबईहून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेस, पंजाब मेल, अमरावती एक्सप्रेस या गाड्या वेळेवर धावल्या तरी जळगावात मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर पोहोचतात. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यात अडकतात आणि चार-चार, सहा-सहा तास मागे पडतात. कित्येक गाड्या जळगावला थांबत नाहीत. त्यांचा प्रवासी भुसावळला उतरून पुन्हा पंचवीस किलोमीटर मागे येतो. रस्त्याची कथा वेगळी नाही. धुळे ते जळगाव हे अंतर पंचाण्णव किलोमीटर असेल-नसेल, पण फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण इतकी वर्षे रखडले की त्या काळात पाहुण्याने ‘दोन तासांत पोहोचतो’ म्हटले की आम्ही मनातल्या मनात तीन लिहून घ्यायचो. अजिंठ्याच्या रस्त्याच्या कामानेही लोकांचा असाच अंत पाहिला.

आणि अजिंठा हे तर आमच्याकडच्या पाहुण्यांचे मुख्य कारण. लेणी इथून साठेक किलोमीटर. १९८३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली आणि जळगाव स्टेशनवर पाठीला पिशवी लावलेले गोरे प्रवासी नेहमीचे झाले. लेणी सोमवारी बंद असतात, हे मात्र अनेकांना जळगावात उतरल्यावर कळते. रविवारी उत्तररात्री येणार, सोमवारी दुपारपर्यंत झोपणार, मग डोक्याला हात लावून विचारणार, ‘एक दिवस वाढवून मिळेल का?’ खोली रिकामी असेल तर मिळते. नसेल तर सकाळी दहाचा प्रश्न उभा राहतो. शिवाय पाहुणा परदेशी असेल तर तो कितीही वाजता येवो, त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची नोंद चोवीस तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन करावी लागते. त्याचे उशिराचे दोन तास आमच्या मुदतीतून वजा होत नाहीत.

धाकटा भाऊ धुळ्याला देवपुरात राहतो. आमचे पाहून त्यानेही एक खोली द्यायला सुरुवात केली. त्याचे गिऱ्हाईक निराळे. मुंबई-आग्रा रस्त्यावरून इंदूरकडे निघालेले, सुरतेहून नागपूरला जाणारे. रात्री एकला येणार, पहाटे पाचला जाणार. क्वचित राजवाडे संशोधन मंडळात कागदपत्रे पाहायला आलेला एखादा अभ्यासक असतो, तो मात्र आठवडाभर राहतो आणि रोज ठरल्या वेळेला येतो-जातो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. त्यांच्या दप्तराचा लोभ असलेली माणसे वेळेची पक्की असतात, असे भावाचे मत आहे. त्याने पहिल्यापासून स्टेशनजवळच्या जुन्या लॉजचा हिशेब धरला. तुम्ही ज्या घटकेला आलात तिथून चोवीस तास. हिशेब सरळ आहे. पण तो चालतो एकाच खोलीच्या आणि एका रात्रीच्या पाहुण्याला. दोन खोल्या आणि पाठोपाठचे पाहुणे असतील, तर प्रत्येकाचे घड्याळ वेगळे होते आणि चादरी धुणाऱ्या मावशींचे मात्र एकच राहते. आमच्या मावशी साडेदहाला येतात आणि बाराला दुसऱ्या घरी जातात. त्या दीड तासात खोली रिकामी नसेल, तर झाडणे-पुसणे, चादरी बदलणे, न्हाणीघर घासणे हे सौ.च्याच गळ्यात पडते. सकाळी दहाची वेळ आम्ही मनाने ठरवलेली नाही, ती मावशींच्या घड्याळावरून आलेली आहे.

त्या अडीचच्या बेलनंतर मी काही दिवस नाना प्रयोग केले. पहिला प्रयोग दंडाचा. रात्री अकरानंतर येणाऱ्याला दोनशे रुपये जादा. फलकावर लिहिले, आरक्षणाच्या पानावर टाकले. परिणाम असा झाला, की उशिरा येणाऱ्यांचे ओशाळे हसूच नाहीसे झाले! पूर्वी ‘सॉरी काका’ म्हणत जिना चढणारी माणसे आता दोनशेची नोट पुढे करून गरम पाणी मागू लागली. त्यांचे काय चुकले? मी उशिराला किंमत लावली होती, ती त्यांनी चुकती केली.

पुढे मुलाने सांगितले की हा अनुभव जगन्मान्य आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. पुढे दंड काढून टाकला तरी लोक पूर्वीसारखे वेळेवर येईनात. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची लाज वाटत होती. तिचा एकदा दर ठरला, मग लाज कशाची? मी दोनशे रुपयांचा फलक काढला तो दुसऱ्याच दिवशी.

दुसरा प्रयोग किल्लीच्या डबीचा. बाहेरच्या भिंतीला आकड्यांच्या कुलुपाची डबी बसवायची, आकडा पाहुण्याला कळवायचा, त्याने रात्री येऊन किल्ली घ्यावी आणि वर जावे. पहिल्याच रात्री एका गृहस्थांना अंधारात आकडे दिसेनात. ते मोबाईलच्या उजेडात खटपट करत राहिले, शेजारचा कुत्रा भुंकत राहिला आणि शेजारी काठी घेऊन बाहेर आले. डबी अजून आहे, पण तिच्यावर आता दिवा लावला आहे. आकडा देण्याआधी शेजाऱ्यांना ‘आज रात्री पाहुणे आहेत’ असे सांगून ठेवतो. बेलही बदलली. आता ती फक्त माझ्या उशाशी वाजते, आईच्या खोलीत ऐकू जात नाही.

पण खरा उपाय सापडला तो माझ्या जुन्या नोकरीत. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. जळगाव आणि धुळे विभागांत मिळून तीस वर्षे मी फलाटावर उभा राहून ध्वनिक्षेपकावर लोकांना उशीर सांगितला आहे. टायर फुटते, नाल्याला पूर येतो, घाटात दरड कोसळते. प्रवासी उशिराने चिडत नाही, हे मला त्या तीस वर्षांनी शिकवले. किती उशीर, हे कुणी सांगत नाही म्हणून तो चिडतो. ‘गाडी दीड तास मागे आहे’ असे स्वच्छ सांगितले की माणसे चहा प्यायला जातात. ‘येईल इतक्यात’ असे सांगितले की खिडकीवर मुठी आपटतात. मग घरी आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत हे मला आधीच का सुचले नाही? कारण फलाटावर मी सांगणारा होतो, घरी वाट पाहणारा झालो.

तेव्हापासून मी पाहुण्याला ‘किती वाजता येणार?’ असे विचारत नाही. गाडीचा नंबर विचारतो. वेळ पाहुण्याच्या मनातली असते, गाडी रुळावरची असते आणि ती आता मोबाईलवर दिसते. शिवाय एक सूचना ठरलेली आहे. मुंबईकडून येत असाल तर ‘पाचोरा गेलं की फोन करा’, दिल्लीकडून येत असाल तर ‘भुसावळ सोडलं की’, सुरतेकडून येत असाल तर ‘धरणगाव गेलं की’, आणि धुळ्याकडून मोटारीने येत असाल तर ‘एरंडोलला चहा प्यायला थांबाल तेव्हा’. मधल्या वेळात मी शांत झोपतो. फोन वाजला की उठतो, दिवा लावतो, पाणी गरम करायला ठेवतो. आणि खिचडी मीच टाकतो. सौ.ने एकदा शेजारी उभे राहून शिकवली. पहिल्या दोन वेळा करपली, आता बरी होते. वरून कच्चे तेल, सोबत भाजलेला पापड. उपाशी माणसाने आजवर तक्रार केलेली नाही.

२०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. त्या रात्री भावाकडे औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, एक कुटुंब येणार होते. फोन लागत नव्हता. भाऊ पूर्वी चडफडला असता. त्या रात्री त्याने अंथरूण घालून, दार नुसते लोटून ठेवले आणि जागा राहिला. ते लोक भलत्याच वाटेने वळसा घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी आले. भावाने रिकाम्या गेलेल्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, ‘दरडीचं भाडं माणसाकडून कसं घ्यायचं?’ एरवी तो पैशाला पक्का आहे. पण कुठला उशीर कुणाच्या नावावर मांडायचा, हे त्याला कळते.

सगळेच उशीर असे निष्पाप नसतात, हेही सांगितले पाहिजे. थंडीत भरीत पार्टीसाठी शेतावर जाऊन रात्री एकला गाणी म्हणत परतणारी तरुण मंडळी असतात. दहाला दार वाजवले की ‘फक्त आंघोळ बाकी आहे काका’ म्हणणारे असतात, आणि त्या आंघोळीला साडेअकरा होतात. वरची टाकी रिकामी होते ती वेगळीच. यांच्याशी मी फलाटावरच्या आवाजातच बोलतो. घरात आजारी म्हातारे माणूस आहे, असे एकदा सांगितले की बहुतेक जण ओशाळतात. जे ओशाळत नाहीत त्यांना पुढच्या वेळी खोली रिकामी नसते.

उशिरा येणाऱ्यांचा प्रश्न असा बराचसा सुटला. उशिरा जाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र माझ्या हातून जे घडले, ते अजून सलते.

मे महिना होता. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. वरच्या खोलीत बऱ्हाणपूरचे एक वयस्क जोडपे चार दिवसांपासून राहत होते. त्यांचा धाकटा भाऊ इथल्या एका दवाखान्यात दाखल होता. सकाळी डबा घेऊन जायचे, रात्री परत यायचे. वेळेचे इतके नेमके, की सौ. म्हणायची, असे पाहुणे मिळायला भाग्य लागते. त्या दिवशी त्यांची खोली दहाला सुटायची होती आणि त्याच खोलीत एका लग्नाची मंडळी येणार होती. मंडळी साडेनऊलाच आली. आठ माणसे, मुले, मेंदी लावलेल्या मुली, साड्यांच्या बॅगा. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. उकाडा असा, की कूलरची हवाही गरम लागावी.

दहाला मी वर गेलो. काकांनी दार जरासे उघडले. म्हणाले, ‘दहा मिनिटं द्या.’ वीस मिनिटांनी पुन्हा गेलो. ‘एक फोन यायचा आहे, तो आला की निघतो.’ पावणेअकरा झाले. खाली मुले रडायला लागली होती, मावशी हातात झाडू घेऊन जिन्यात उभ्या होत्या. तिसऱ्यांदा मी दार वाजवले आणि तीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात म्हणालो, ‘काका, वेळ झाली. खाली लोक खोळंबलेत.’

दोघे लगेच बाहेर आले. बॅगा भरलेल्याच होत्या. काकूंचे केस ओले होते. त्यांनी जाताना सौ.कडे एकवार पाहिले, लग्नाच्या मंडळींकडे पाहून किंचित हसल्या आणि फाटकाबाहेर रिक्षात बसल्या. मी हातावर हात झटकून मावशींना वर पाठवले.

संध्याकाळी त्याच रिक्षावाल्याने सांगितले. भाऊ पहाटे गेला होता. ते दोघे दवाखान्याच्या फोनची वाट पाहत होते, कागदपत्रे पूर्ण होऊन देह केव्हा ताब्यात मिळेल याची. रिक्षात काका त्याला म्हणाले होते, ‘घरात लग्नाची माणसं आलीत. अशा वेळी त्यांच्या कानावर हे कशाला घालायचं?’

त्या रात्री मला जेवण गेले नाही. मी सौ.ला म्हणालो, ‘उद्यापासून दहाचा नियम बंद.’ ती म्हणाली, ‘नियमाचं काय चुकलं? लग्नाच्या मंडळींना उन्हात उभं करायचं होतं का? तुम्ही तीनदा वर गेलात आणि तीनही वेळा वेळच सांगितली. काय झालंय, हे एकदा तरी विचारलंत का?’

मी विचारले नव्हते. प्रवाशाला उशिराचे कारण सांगावे, हे तीस वर्षे जाणणाऱ्या माणसाने समोरच्याला त्याच्या उशिराचे कारण विचारले नव्हते. आणि नुसते विचारूनही भागले नसते. विचारल्यावर त्यांना बसायला जागा द्यावी लागली असती, आणि ती जागा त्या दिवशी घरात नव्हती.

ती आम्ही पुढच्या महिनाभरात केली. खाली ओसरीला लागून एक लांबट खोली होती. तीत जुनी वर्तमानपत्रे, मोडकी सायकल, गव्हाच्या कोठ्या. सगळे हलवले. दोन बाज, एक पंखा, बॅगा ठेवायला फळी, शेजारी मोरी. ही खोली कुणाला भाड्याने दिली जात नाही. पहाटे पाचच्या गाडीने आलेल्याने वरची खोली मिळेपर्यंत इथे पाठ टेकावी. दहाला खोली सोडून संध्याकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्याने इथे बॅग ठेवून गावात जावे, सराफ बाजार पाहावा, गांधीतीर्थ पाहून यावे, जाताना हात-पाय धुवावेत. त्याचे पैसे नाहीत. सौ.ने पाहुण्यांसाठी लावलेल्या नियमांच्या कागदावर शेवटी एक ओळ वाढवली आहे: ‘खोली सकाळी दहाला सोडावी. घर सोडण्याची घाई नाही.’

आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पाहुण्याला चहाला बोलावतो. गप्पांच्या ओघात विचारतो, ‘उद्याचं कसं काय?’ या साध्या प्रश्नाला माणसे बरेच काही सांगतात. कुणाची परीक्षा विद्यापीठात दुपारी असते, कुणाची गाडी रात्री अकराला असते, कुणाला औषधाची वेळ गाठायची असते. दुसऱ्या खोलीत कुणी नसेल तर तीच दुपारपर्यंत वापरा म्हणून सांगता येते. येणारी मंडळी गावातलीच असतील तर त्यांना तासभर उशिरा बोलावता येते. रात्री आठला सुटणारा गुंता सकाळी दहाला सुटत नाही. दहाला फक्त आवाज चढतो.

पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, बऱ्हाणपूरचे काका पुन्हा आले. एकटेच. डोळे दाखवायचे होते. गावात लॉज कमी नाहीत, तरी ते आमच्याकडेच आले. मागच्या वर्षीचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढू पाहिला, तर हाताने थांबवले. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला ते स्वतःच बॅग घेऊन खाली उतरले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘आज वेळेत आहे, बघा.’

काय बोलावे मला सुचेना. सौ. आतून आली. ‘गाडी किती वाजता, काका?’ तिने विचारले. ‘साडेचारला.’ ‘मग आतापासून स्टेशनवर जाऊन काय करणार?’ असे म्हणत तिने त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि ओसरीच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. आईने तिच्या बाजेवरून विचारले, ‘कोन शे?’ सौ. म्हणाली, ‘बऱ्हाणपूरचे काका आहेत. जेवायला थांबताहेत.’